अर्धा शब्द

मागच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आमच्याकडून ८० साड्यांचा घोळ झाला. ‘आमच्याकडून’ हे मी सवयीनं म्हणते. खरं सांगायचं तर माझ्याकडून.

सोलापूरच्या एका दुकानाची ऑर्डर होती. जुनं गिऱ्हाईक, त्यात माझ्या माहेरचं गाव, म्हणून मी जरा जास्तच हौसेनं लक्ष घातलं होतं. डिझाइन मोराचं, नंबर १४. छापून आलं नंबर ११. ब्लाउजपीस धरून साडीला सव्वासहा मीटर, म्हणजे ८० साड्यांचं ५०० मीटर जॉर्जेट. चौदा नंबरात एकच मोठा मोर पदरावर पिसारा फुलवून उभा असतो. अकरा नंबरात छोटे छोटे मोर काठावरून ओळीनं चालत जातात, पिसारे मिटून. कापड घडी होऊन मार्केटात आलं तेव्हा पुतण्याचा फोन आला, “काकी, आपल्या मोरांनी पिसारे का मिटले?”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातली वाटी ओट्यावर ठेवून मी खाली बसले. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर बटाटा टाकता येतो. छापलेलं कापड पुन्हा कोरं होत नाही.

मी मूळची सोलापूरची. बी. ए. मराठी. सुरतेला लग्न होऊन आले त्याला ३० वर्षं झाली. घरात बोलणं गुजराती, माझं मनातलं मराठी, आणि दोन्हींच्या मधली आमची एक तिसरीच बोली. यांचा रिंग रोडच्या कापड मार्केटात साड्यांचा व्यापार. मी मार्केटची पायरी क्वचितच चढत असे. पण तीन वर्षांपूर्वी यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय बराचसा सावरला, शब्द मात्र सावरले नाहीत. समजतं सगळं. हिशोब पक्का, माणसं ओळखतात, साडीचा काठ दुरून बघून कोणत्या वर्षीचं डिझाइन ते यांना कळतं. फक्त सांगता येत नाही. पहिलं अक्षर ओठांवर येतं आणि पुढचं दार बंद होतं. याला वाचाघात म्हणतात. बुद्धी जागच्या जागी, शब्दांची वाट तेवढी मोडलेली.

विक्रीचं काम पुतण्यानं उचललं. डिझाइनच्या फायली सांभाळणं माझ्याकडे आलं.

हल्ली सुरतेत पुष्कळ छापकाम डिजिटल होतं. पूर्वी दर रंगाला वेगळा स्क्रीन लागायचा. आता डिझाइनची फाइल मिलला द्यायची. पॉलिस्टर असेल तर मशिन ते आधी कागदावर छापतं, मग उष्णतेनं कागदावरचा रंग कापडावर उतरतो. पांडेसऱ्यातल्या मिलला पेनड्राइव्ह पाठवला की आपलं काम संपलं. म्हणजे अख्खा भरवसा एका गोष्टीवर, की पेनड्राइव्हवर योग्य फाइल गेली.

आमच्याकडे अशा काही हजार फायली. एकेक केवढी तरी मोठी. ऑफिसचा जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला होता, पण माउसनं फोल्डर उघडलं की तो प्रत्येक डिझाइनचं छोटं चित्र काढायला बसायचा आणि तिथेच मान टाकायचा. बंगळुरूची लेक सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, “मम्मी, तुला नाव माहीत असतंच ना? मग चित्रं कशाला बघतेस? लिहून सांग त्याला.” तिनं त्यावर लिनक्स घातलं आणि मला काळी खिडकी उघडून दिली.

काळ्या खिडकीत चित्र नाही, बटण नाही. एक उघडमीट करणारी रेघ, बस. तिथे आपण आज्ञा लिहायची. ती वाचून यंत्राकडून काम करून घेणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच, आणि आत यंत्राचा जो खरा कारभारी, त्याला म्हणतात कर्नल, म्हणजे गर. नारळासारखंच. आपण बोलायचं करवंटीशी, काम करतो गर. कॉपी करायची तर ‘सीपी’ ही दोन अक्षरं, मग फाइलचं नाव, मग कुठे ठेवायची ते ठिकाण, आणि एंटर. काम नीट झालं तर ती खिडकी एक शब्द बोलत नाही. बिनसलं तरच बोलते. मला पहिल्या दिवशी सासूबाईंची आठवण झाली.

आणि या खिडकीतली सगळ्यात लाडकी कळ म्हणजे टॅब. कॉलेजात असताना मी टायपिंग शिकले होते, तेव्हा ही कळ तक्ते करायला वापरायची. कागद ठरलेल्या रकान्यापर्यंत सरकवायचा, एवढंच तिचं काम. इथे तिचं काम वेगळं. नावाची पहिली अक्षरं लिहा, टॅब दाबा, उरलेलं नाव यंत्र लिहितं. अट एकच, त्या अक्षरांनी सुरू होणारी फाइल एकच असली पाहिजे. ‘कोयरी’ची एकच फाइल असेल तर ‘को’ लिहून टॅब दाबताच ‘कोयरी’ पुरी. पण मोर आमच्याकडे पुष्कळ. ‘मोर-१’ एवढं लिहिलं की अकरा, बारा, तेरा, चौदा असे सगळे दावेदार उभे राहतात.

अशा वेळी जुना कॉम्प्युटर काय करायचा, तर पहिल्या टॅबला नुसतं ‘टुंग’ करायचा. म्हणजे, बाई, मला कळलं नाही. दुसऱ्यांदा टॅब दाबली की सगळे मोर ओळीनं मांडून दाखवायचा आणि गप्प बसायचा. माझं अर्धवट लिहिलेलं ‘मोर-१’ होतं तसंच राहायचं. मी यादी वाचायची, ‘४’ लिहायचं, पुन्हा टॅब. दोन वर्षांत बोटाला सवयच लागली. टॅब-टॅब. जात्याला जसा दोनदा हात लावून दाणे सारावेत तसं.

गेल्या पावसाळ्यात तो कॉम्प्युटर एकदाचा थकला आणि लेकीनं तिचा जुना लॅपटॉप मला दिला. काळी खिडकी त्यातही होती. टॅबही होती. मी म्हटलं, झालं, घर बदललं तरी चूल तीच.

चूल ती नव्हती.

फोन झाला त्या रात्री मी लेकीला सगळं सांगितलं. माझी तयारी रडायची होती. तिनं रडू दिलं नाही. म्हणाली, “आधी बघू तरी काय झालं ते. काळी खिडकी उघड. वरचा बाण दाबत जा.” शेल आपण दिलेल्या आज्ञा वहीत लिहून ठेवतो, आणि वरच्या बाणानं मागची पानं उलटता येतात. सात-आठ पानं उलटली आणि ती ओळ आली. सीपी, मोर-११, पेनड्राइव्ह. म्हणजे मिलची चूक नव्हती, पेनड्राइव्हचीही नव्हती. अकरा मीच पाठवलं होतं.

“पण मी अकरा लिहिलंच नाही गं,” मी म्हटलं.

“तेच बघायचंय. आता पुन्हा कर, पण एकेक कळ दाब, आणि दर कळीनंतर काय दिसतं ते मला सांग. घाई नको.”

मी ‘सीपी मोर-१’ लिहिलं. एक टॅब. खाली यादी आली, अकरा, बारा, तेरा, चौदा.

“आता वरची ओळ वाच.”

“सीपी मोर-१.”

“दुसरी टॅब.”

दुसरी टॅब दाबली. यादी होती तिथेच होती. पण वर माझी ओळ आता होती ‘सीपी मोर-११’. यादीतलं पहिलं नाव त्यानं उचलून परस्पर भरलं होतं. तिसऱ्यांदा दाबली तर अकरा पुसून बारा. चौथ्यांदा तेरा. माझ्या बोटाची ती जुनी टॅब-टॅब! जुन्या घरात तिचा अर्थ होता ‘काय काय आहे ते दाखव’. नव्या घरात तिचा अर्थ झाला होता ‘पहिलं आहे ते दे’.

मग लेकीनं एक शब्द लिहायला लावला, त्यावरून समोर कोणता शेल आहे ते कळतं. जुन्या कॉम्प्युटरवर होता बॅश. लॅपटॉपवर निघाला झेडशेल. दोघे एकाच घराण्यातले, आज्ञा बहुतेक सारख्या, म्हणून मला फरक जाणवला नव्हता. बॅश हा ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी लिहिला. झेडशेल दुसऱ्या वर्षी, १९९० मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठातल्या पॉल फॉलस्टॅड या विद्यार्थ्यानं. नावाची गंमत अशी की तिथे झोंग शाव नावाचे शिकवणारे होते, त्यांचं कॉम्प्युटरवरचं लॉगिन ‘झेड-एस-एच’ होतं, ते त्या पोराला शेलसाठी झकास वाटलं. आणि अर्धा शब्द पुरा करून देण्याची ही सोय तर या दोघांहून जुनी. १९७० च्या आसपास अमेरिकेत टेनेक्स म्हणून एक प्रणाली होती, तिच्यात एस्केप कळ दाबली की शब्द पुरा होई. पुढे टीसीशेल नावाचा शेल आला, त्याच्या नावातला ‘टी’ या टेनेक्सचाच. ही सगळी वंशावळ लेकीनं मला रात्री अकरा वाजता फोनवर सांगितली. मला वाटतं, माझं चित्त थाऱ्यावर यावं म्हणूनच.

“मग बिघडलं कुठे?” मी विचारलं.

“बिघडलंय की मुळातच असं आहे, ते आधी बघू.” तिनं झेडशेल नुसता, कोणत्याही सेटिंगशिवाय सुरू करायला सांगितला. ‘झेड-एस-एच’ लिहून मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि ‘एफ’. याचा अर्थ, आपण किंवा कुणी त्याला शिकवलेल्या सगळ्या सवयी बाजूला ठेव आणि जन्माला आलास तसा समोर ये. पुन्हा ‘मोर-१’, पुन्हा टॅब-टॅब. पुन्हा अकरा हजर! म्हणजे कुणी काही बिघडवलेलं नव्हतं. त्याचा स्वभावच तो.

मग तिनं ‘सेटऑप्ट’ लिहायला सांगितलं. त्यानं शेलच्या चालू असलेल्या सवयींची यादी येते. मी डोळ्यांत तेल घालून वाचली, पण टॅबबद्दल तिच्यात अक्षर नाही. मी गोंधळले. लेक हसली. म्हणाली, “मम्मी, त्या यादीत मूळ रिवाजापेक्षा जे वेगळं आहे तेवढंच दिसतं. जे पहिल्यापासून चालूच आहे ते तो सांगत नाही. ऑटो मेनू ही सवय जन्मजात चालू असते.”

हे मात्र मला न शिकवता समजलं. नवी नवरी म्हणून मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला काय काय वेगळं ते सगळं सांगितलं होतं. कोणत्या तिथीला हिरवी भाजी नाही, कुणाला मिरची चालत नाही, पाणी कितीदा गाळायचं. पण आमटीत गूळ घालायचा हे कुणीच सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती. आमटी म्हणजे गूळ आलाच. पहिल्या दिवशी मी सोलापुरी तिखट आमटी केली आणि सगळं घर पाण्याच्या तांब्याकडे धावलं. घराचे खरे रिवाज यादीत कधीच नसतात.

उपाय दोन ओळींचा निघाला. एका ओळीनं ऑटो मेनू बंद करायचा, दुसरीनं ‘बॅश ऑटो लिस्ट’ चालू करायचा, म्हणजे झेडशेल जुन्या बॅशसारखा पहिल्या टॅबला थांबेल आणि दुसरीला यादी दाखवील. मी आधी दुसरी ओळच लिहिली आणि टॅब-टॅब करून बघितलं. आली यादी, ओळ जशीच्या तशी. मी खूश. पण का कोण जाणे, बोटानं आणखी एकदा टॅब दाबली, आणि अकरा पुन्हा येऊन बसला! म्हणजे नुसत्या त्या एका ओळीनं खोड एक पायरी पुढे ढकलली जाते, जात नाही. ऑटो मेनू बंद करावाच लागतो. लेक म्हणाली, “वा! हे तू शोधलंस हं.” वयाच्या या टप्प्यावर लेकीकडून वा मिळाली की काय वाटतं ते मैत्रिणींना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर पुन्हा मूळपदावर. रात्री लिहिलेल्या ओळी त्या खिडकीपुरत्या होत्या, खिडकी मिटली तशा गेल्या. त्या कायमच्या हव्या असतील तर झेडशेलच्या स्वतःच्या फायलीत लिहून ठेवाव्या लागतात. तिचं नाव टिंबानं सुरू होतं, म्हणून ती एरवी दिसतही नाही. तीत शेवटी दोन्ही ओळी लिहिल्या, खिडकी बंद करून नवी उघडली, तेव्हा कुठे टॅब माझ्या बोटाचं ऐकू लागली. लेकीनं आणखी एक प्रकार सुचवला होता, ‘मेनू सिलेक्ट’ म्हणून. त्यात यादीतल्या एका नावावर ठळक पट्टा येतो, बाणांनी तो पुढेमागे न्यायचा, हवं त्या नावावर एंटर. ज्यांना यादी बघत बघत निवडायचं असतं त्यांना तो बरा. आणि झेडशेलमध्ये ‘मेनू कम्प्लीट’ नावाची एक सवय आहे, ती चालू केली तर पहिल्याच टॅबला पहिलं नाव भरलं जातं, यादीसुद्धा न दाखवता. ती काहींना आवडते म्हणे. मला ऐकूनच धडकी भरली.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण त्या रात्री फोन ठेवायच्या आधी लेकीनं एक प्रश्न विचारला होता.

“मम्मी, तुझी सवय मला माहितीय. एंटर मारायच्या आधी तू ओळ वाचतेस. त्या दिवशी का नाही वाचलीस?”

मी आठवू लागले. साडेचार वाजले होते. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून त्या वेळी माझं एक लक्ष कुकरकडेच असतं. मी ‘मोर-१’ लिहिलं, टॅब-टॅब केलं, आणि तेवढ्यात उठले.

“का उठलीस?”

“बाबांना चहा हवा होता.”

“बाबा म्हणाले चहा?”

“हो. म्हणजे… माझ्या मागेच खुर्चीत बसले होते. म्हणाले, ‘चौ… चौ…’ मी म्हटलं, चहा? तर पुन्हा ‘चौ…’. मी म्हटलं हो हो, चहाच ठेवते.”

लेक काही बोलली नाही. मीही नाही.

ते चौदा म्हणत होते. स्क्रीनवर यादी आली, वरच्या ओळीत अकरा भरलं गेलं, ते मला दिसलं नाही, यांना दिसलं. नजरेत नंबर ओळखणारा माणूस. माझ्या मागे बसून जीव तोडून मला सांगत होता की हा नव्हे, चौदा. मराठीत चौदा, गुजरातीत चौद, कोणत्याही वाटेनं गेलं तरी सुरुवात ‘चौ’च. आणि मी काय केलं? त्यांनी पहिलं अक्षर उच्चारताच माझ्या यादीतलं पहिलं नाव उचलून भरलं. चहा. यादी दाखवलीसुद्धा नाही. मी चहा करून आणला, त्यांनी कप घेतला, मान खाली घातली. मी परत खुर्चीत बसले, समोर ओळ पुरी दिसली, वाटलं आपणच लिहून गेलो होतो. पेनड्राइव्हचं नाव जोडलं आणि एंटर मारला. खिडकी नेहमीसारखी गप्प. ऑर्डर घाईची, डिझाइन आधी छापलेलं, म्हणून मिलकडून नमुना मागवून बघायचंही राहिलं. तो एक मीटरभर नमुना बघितला असता तरी निभावलं असतं.

यंत्राची तक्रार करायला मी रात्री अकरा वाजता बंगळुरूला फोन लावला होता.

तसं मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. यांच्या स्पीच थेरपीच्या ताई पहिल्या महिन्यातच म्हणाल्या होत्या, “त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. वेळ द्या. अगदी अडलेच तर दोन-तीन पर्याय समोर ठेवा, बोटानं दाखवू द्या. आणि मदत करण्याआधी, करू का म्हणून विचारा.” त्यांनी चित्रांचा एक तक्ताही दिला होता, पाणी, जेवण, फॅन, फोन, बाथरूम. मी तो फ्रिजवर लावला आणि त्यावर दुधाचा हिशोब लिहू लागले. मला वाटायचं, ३० वर्षांचा संसार, यांच्या मनातलं मला कळत नाही की काय? ‘पा’ म्हटलं की पाणी, ‘फो’ म्हटलं की फोन. पुष्कळदा बरोबरही यायचं. तोच तर घात. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की उरलेल्या दोनदा समोरचा माणूस भांडत नाही. मान डोलावतो आणि आपण दिलेला चहा पितो.

दुसऱ्या दिवशी मी अकरा नंबरची एक साडी मार्केटातून मागवली, यांच्या मांडीवर पसरली आणि विचारलं, “त्या दिवशी तुम्ही चौदा म्हणत होता ना?” त्यांनी कितीतरी वेळ त्या चालणाऱ्या मोरांकडे पाहिलं. मग मान हलवली. हो. मी म्हटलं, “मी ऐकलं नाही.” त्यांनी डाव्या हातानं माझ्या हातावर थोपटलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

साड्यांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. सोलापूरच्या दुकानानं त्यातल्या ३० ठेवून घेतल्या, भाव पाडून. बाकीच्या पुतण्यानं इकडे तिकडे खपवल्या. चौदा नंबर पुन्हा छापला, या वेळी नमुना मागवून, आणि नमुना आला तेव्हा मी तो आधी यांच्या हातात दिला. खोट आम्ही सोसली. एक साडी मी ठेवून घेतली आहे. मिटलेल्या पिसाऱ्याचे मोरही वाईट दिसत नाहीत.

शेलच्या फायलीत मी आणखी एक ओळ घातली आहे. ओळीच्या सुरुवातीला उभ्या-आडव्या रेघांची ती जाळी, म्हणजे हॅश, टाकला की पुढचं शेल वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. त्या ओळीत मी मराठीत लिहून ठेवलंय, ‘पहिलं येईल ते खरं नव्हे’. सेटिंगच्या दोन ओळी यंत्रासाठी, तिसरी माझ्यासाठी. कारण यंत्राचा स्वभाव दोन ओळींत बदलला. माझा बदलायला त्याहून जास्त ओळी लागत आहेत.

अजूनही तोंडातून शब्द निसटतो. यांनी ‘दू’ म्हटलं की माझ्या जिभेवर ‘दूध’ तयार असतं. तेव्हा मी ओठ मिटते आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. फार लांब वाटतात हो ते दहा आकडे. कुकरची शिट्टी होते, दारावर कुणी येतं, आणि ते तिथेच, त्या एका अक्षरापाशी. कधी शब्द येतो. कधी येत नाही, मग ते माझ्याकडे बघतात, मी विचारते, “सांगू का दोन-तीन?”, त्यांनी मान डोलावली की सांगते. फ्रिजवरचा तक्ता पुसून स्वच्छ केलाय. कधी त्यातलंही काही नसतं, आणि आम्ही दोघं तसेच बसतो. जुना कॉम्प्युटर ‘टुंग’ करायचा ना, तसं. मला कळलं नाही, एवढं तरी त्यात प्रामाणिकपणे सांगितलेलं असायचं.

मागच्या रविवारची गोष्ट. संध्याकाळची जेवणं झाली होती, उजेड अजून होता. हे खिडकीपाशी बसलेले. एकाएकी म्हणाले, “चौ…”

माझा हात सवयीनं चहाच्या पातेल्याकडे गेला. चहा नव्हे, हे एव्हाना मला कळत होतं, जेवणं झाल्यावर कसला चहा! मग मनात आलं, चौदा. कपाटातली ती साडी दाखवू का? तेही मी गिळलं. पातेलं खाली ठेवलं आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. एक, दोन, तीन. ते खिडकीबाहेर बघत होते. “चौ… चौ…” सात, आठ. कपाळावर शीर दिसायला लागली. माझ्या जिभेवर एव्हाना सतरा शब्द नाचत होते, चौक, चौकशी, चौरंग, चौकट. दहा झाले. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

“चौ…पाटी,” ते म्हणाले.

अठवा लाइन्सची चौपाटी. आजारी पडल्यापासून आम्ही तिथे गेलो नव्हतो. मी नेऊ का म्हणून विचारलं नव्हतं, आणि माझ्या कोणत्याच यादीत ती नव्हती.

मी चप्पल घातली आणि त्यांची काठी आणायला आत गेले.